पाणी कुठे मुरतंय

वारुझान आधी बॉनेट कधीच उघडत नसे.
आधी गाडीभोवती एक फेरी,
मग मालकाभोवती.

ग्युम्रीत त्या सकाळी उणे अठरा.
ओपेल आम्ही जवळजवळ ढकलतच आणली,
आई स्टिअरिंगला, मागे मी, हातमोज्यांशिवाय.
गॅरेजच्या दारातच तिचं सुरू झालं:
"गळत नाही कुठे. रात्रभर खाली पुठ्ठा घालून पाहिला,
कोरडा ठणठणीत.
तरी रोज सकाळी अर्धी बाटली पाणी पिते मेली."

"मग जातं कुठे, सातेनिकबाई?"
"ते तू सांग. पैसे तू घेणार."

त्याने ऑइलचं टोपण फिरवलं.
आतल्या बाजूला फेस, दुधाळ, पिवळट,
चमच्याने खरवडावा असा.
आई म्हणाली, "संपलं."
"थांबा हो. हिवाळ्यात घर ते बेकरी, बेकरी ते घर,
इंजिन धड तापतच नाही, टोपणाला दव धरतं.
नुसत्या टोपणावरून कुणाला फासावर देऊ नये."

काठी ओढली. फडक्यावर पुसली,
परत घातली, परत ओढली,
सुईत दोरा ओवताना धरतात तशी
डोळ्यापाशी, उजेडाकडे.
तेल वरच्या खुणेच्याही वर, बोटभर.
"शेवटचं कधी घातलंत?"
"सप्टेंबरात."
"न घालता वाढलं, म्हणजे तेल नाही वाढलेलं."

मग वास घेतला. पेट्रोलचा नव्हता.
मग दोन बोटांत चोळून बघितलं:
कचकच नाही, चकाकी नाही.
"बेअरिंगं शाबूत आहेत. तेवढं तरी बरं."
मग शेगडीवरच्या पत्र्यावर एक थेंब.

तडतडला.

निव्वळ तेल नुसतं धुरतं, गप्प राहतं.
हे बोललं.

मी तेव्हा दाराजवळचे टायर मोजत होतो.
सोळा होते. एकावर मांजर.

नोव्हेंबर. आर्पी तळ्याहून परत येताना
मी, गेघाम, मागे व्रेझची बहीण,
काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकलेला,
आणि मी म्हणालो होतो, काटाच बिघडलाय.
वाफ आली तेव्हा गेघामने
स्वतःचा मफलर गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढलं
आणि आम्ही हसत, ओंजळी भरभरून,
बर्फ कोंबला तापल्या लोखंडाच्या तोंडात.
कुठेतरी बारीक टच् झालं.
मी ऐकलं.
रेडिओ मोठा केला.

"रात्रभर इथेच राहू द्या," वारुझान म्हणाला.
दुसऱ्या दिवशी आईने एकट्याला पाठवलं.
गाडीखाली तो उताणा, शेजारी मी,
छातीशी पत्र्याचं घमेलं.
"पाणी जड. रात्रीत तळाला बसतं.
नट सैल केला की आधी तेच येतं, तेल मागाहून."
आलं. बारीक, हिरवट धार,
चहाच्या दोन पेल्यांएवढी,
मग गढूळ, मग कॉफीसारखं घट्ट, दमलेलं तेल.

दिव्याकडे बघतच त्याने विचारलं,
तापली होती का असं नाही,
किती तापली होती, असं.
"काटा लालमध्ये होता. चार किलोमीटर."
"चार?"
"अकरा."
तो हं म्हणाला
आणि घमेलं माझ्या हातून काढून घेतलं,
हात थरथरत होते म्हणून
की भरलं होतं म्हणून, कळलं नाही.

संध्याकाळी आई बिस्किटांचा डबा घेऊन आली,
पैसे असायचे तो.
"गॅस्केट," वारुझानने सांगितलं. "वय झालं होतं त्याचं."
आईने नोटा दोनदा मोजल्या.
"मला वाटलंच होतं," ती म्हणाली,
"पाणी कुठेतरी मुरतंय."
बघत होती ती डब्यात.

मग ईस्टरपर्यंतचे सगळे शनिवार मी तिथे.
नट केरोसीनमध्ये बुडवायचे, ब्रशने घासायचे,
मांजराला खालून हाकलायचं.
ओपेलचं तेल तीनदा बदललं.
पहिल्यांदा राखाडी. दुसऱ्यांदा बरं.
तिसऱ्यांदा वारुझानने काठी माझ्याच हातात दिली.
मी ती उजेडाकडे धरली.
सोनेरी, आणि कडेला एक
दुधाचा पुसट दोरा.

"अजून आहे जरासं," तो म्हणाला.
"चालू ठेव. जाईल."